राखणीला कुठली बंदूक? ठासणी, दुनळी, रायफल आणि रिव्हॉल्व्हर शेजारी शेजारी ठेवून

भाताच्या सुगीआधी जांबोटीकडचा माझा भाचा एका संध्याकाळी गाडी लावून थेट पडवीत येऊन बसला. "मामा, अर्ज भरूलोय. कुठली घ्यायची तेवढं सांगा." त्याचा दोन एकर ऊस आहे, खालच्या अंगाला भाताची खाचरं आणि वरच्या बांधाला लागून जंगल. त्या आठवड्यात डुकरांनी उसाचा एक कोपरा आडवा केला होता. चहा यायच्या आत मी उत्तर देऊन टाकलं: बारा बोअरची दुनळी घे, बाहेर घोडे असलेली (घोडा म्हणजे चाप दाबल्यावर आपटून बार उडवणारा खटका). मग जेवणं होईपर्यंत कारणं सांगत राहिलो, कारण त्याच्या डोक्यात रायफल होती आणि त्याच्या वडिलांच्या डोक्यात ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे ठासून भरायची. खानापूर, बेळगाव तालुक्याचा पश्चिम भाग आणि पलीकडचं चंदगड, या पट्ट्यात हाच प्रश्न मला बरेच जण विचारतात. म्हणून जे त्याला सांगितलं ते इथं नीट लिहून काढतो.

मी मराठा लाइट इन्फंट्रीत नोकरी केली, बेळगावच्याच सेंटरवर घडलो. निवृत्तीनंतर काही वर्षं बँकेच्या रोकड गाडीवर दुनळी घेऊन बसलो. आता शेती करतो. लहानपण गेलं ते वडिलांच्या ठासणीच्या बंदुकीबरोबर शेतातल्या राखणीच्या माळ्यावर. म्हणजे चारही प्रकार हातून गेलेत, आणि आवडती एकच आहे.

निवडताना माझं माप एक आहे, ते आधीच सांगतो. दहा पावलांवर उभ्या असलेल्या माणसाला ही बंदूक रिकामी आहे की भरलेली, हे न विचारता दिसलं पाहिजे. नेम, पल्ला, आवाज, किंमत हे सगळं त्याच्या मागून. राखणीची बंदूक वर्षातून दहा-वीस वेळा उडते. उरलेले सगळे दिवस ती घरात, गाडीवर, बांधावर, पोराबाळांमध्ये असते. तिच्याबरोबर राहायचं कसं, हे ती उडते कशी याहून मोठं आहे.

परवान्यात काय बसतं

शस्त्र कायदा १९५९ चा, त्यावरचे सध्याचे नियम २०१६ चे. कायद्याच्या तेराव्या कलमात शेतकऱ्याची सोय स्पष्ट आहे: पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीची बंदूक, आणि ठासणीची पुरी पडत नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक, जिची नळी २० इंचांपेक्षा आखूड नसेल. म्हणजे दुनळी मागायची असेल तर ठासणी का पुरत नाही हे अर्जातच लिहा. जंगल किती लांब, पीक कोणतं, नुकसान कधी कधी झालं, वनखात्याकडे भरपाईचे अर्ज दिले असतील तर त्यांच्या प्रती, जमिनीचा आरटीसी उतारा (कर्नाटकातला सातबारा). भाच्याच्या अर्जात यातलं काहीच नव्हतं, फक्त "पीक संरक्षणासाठी" एवढे दोन शब्द होते. तो कागद मी परत लिहायला लावला.

वय २१ पूर्ण पाहिजे. शस्त्र सुरक्षित हाताळायचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, आधी तीन चालायची. परवान्याची मुदत मात्र तीनची पाच वर्षं झाली. परवान्याच्या कागदावर एसबीएमएल म्हणजे ठासणीची एकनळी, एसबीबीएल म्हणजे मोडून (बिजागरीवर उघडून) मागून काडतूस घालायची एकनळी आणि डीबीबीएल म्हणजे तशीच दुनळी. ही अक्षरं पाठ असू द्या, दुकानात आणि ठाण्यात तीच चालतात.

फौजेतून आलेले माझे सोबती पहिल्यांदा एसएलआर आणि इन्सास या फौजी रायफलींची आठवण काढतात. ती शस्त्रं साध्या माणसाला मिळत नाहीत. .३०३ आणि ९ मिमी हे बोअरसुद्धा (नळीच्या भोकाची मापं) निषिद्ध यादीत आहेत. त्या हाताची सवय विसरून बाजारात उतरावं लागतं.

ठासणीची: वडिलांची आवडती

आमच्या वडिलांना ठासणीच्या बंदुकीशिवाय दुसरी बंदूक ही बंदूकच वाटत नसे. त्यांची कारणं खोटी नव्हती. दारू, छर्रे आणि टोप्या (घोड्याखाली फुटून दारू पेटवणाऱ्या) यांवर भागतं, काडतुसासाठी शहराची फेरी नको. हुसकावण्यापुरता बार काढायचा असेल तर छर्रेच घालायचे नाहीत, नुसती दारू आणि वर बोळा. आवाज असा की समोरच्या डोंगरावरून परत येतो. शिवाय तिच्यात बिघडण्यासारखं काही नाही: नळी, दस्ता, घोडा, चाप. गावच्या लोहाराला कळेल एवढंच यंत्र. परवानाही तुलनेनं सरळ मिळतो, कारण कायद्यानंच ती शेतकऱ्यासाठी ठरवलेली आहे.

मला ती नको वाटते ते एका श्रावणातल्या रात्रीमुळे. मी तेव्हा नववीत होतो. संध्याकाळी ठासून ठेवलेली बंदूक पावसात माळ्यावर गेली. मध्यरात्री खाली ऊस मोडल्याचा आवाज आला, वडिलांनी घोडा ओढला, चाप दाबला. टोपी फुटली, बार झाला नाही. दारूला ओल आली असणार म्हणून त्यांनी बंदूक खाली घेऊन आडवी धरली आणि मला कंदील वर करायला सांगितलं. तेवढ्यात बार झाला. माळ्याचा कोपऱ्यातला खांब छर्ऱ्यांनी सोलून निघाला. त्या खांबापासून माझा गुडघा हातभर लांब होता. वडील रात्रभर बोलले नाहीत, सकाळी आईलाही सांगितलं नाही. मला ते आज सत्तावीस वेळा आठवलं तरी हाताला घाम येतो.

टोपी फुटून बार उशिरा होणं हा ठासणीच्या बंदुकीचा पावसाळी स्वभाव आहे, आणि आपला मुलूख पावसाचा आहे. कणकुंबी-जांबोटीच्या पट्ट्यात चार महिने भिंतींना ओल असते, तिथं उघड्यावर ठासलेली दारू कोरडी राहणं अवघड. टोपी फुटून बार झाला नाही तर तोंड मोकळ्या दिशेला तसंच धरून निदान पूर्ण एक मिनिट थांबायचं. वडिलांना हे कुणी शिकवलं नव्हतं.

दुसरी अडचण माझ्या मापाची. ठासलेली बंदूक सहज रिकामी करता येत नाही. एकतर बार काढायचा, नाहीतर गजाला स्क्रू लावून बोळा, छर्रे आणि दारू उपसत बसायचं. मग माणूस म्हणतो राहू दे, उद्या लागेलच. ती दाराआड तशीच उभी राहते, आणि बाहेरून बघून भरलेली की रिकामी हे घरातल्या कुणालाच सांगता येत नाही. गज नळीत सोडून तो किती आत जातो हे मोजावं लागतं. माझ्या आईनं एवढ्या वर्षांत त्या कोपऱ्यात झाडू घातला नाही. वडिलांना वाटायचं ती बंदुकीला मान देते. ती घाबरत होती.

आणि अंधारात दुसरा बार भरायला मिनिटाच्या वर जातं. डुकरांचा कळप पहिल्या बाराला पसरतो आणि दुसऱ्या बांधावरून परत शिरतो.

बारा बोअर: एकनळी आणि दुनळी

बारा बोअर म्हणजे काय हे पुष्कळांना माहीत नसतं. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक जेवढी जाड, तेवढं नळीचं भोक: साधारण साडेअठरा मिलिमीटर. आत रायफलसारखे आटे नाहीत, म्हणून गुळगुळीत नळी. मागून मोडते, काडतूस घालायचं, मिटायची.

आता माझी आवड. मोडलेली दुनळी दंडावर टाकून बांधावरून चाललेला माणूस बघा. समोरून येणाऱ्याला दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड दिसतो. काही सांगावं लागत नाही. पलीकडच्या शेतातली बाई न थबकता भांगलत राहते. रोकड गाडीवर असताना दिवसातून कितीतरी वेळा मी ती मोडली आणि मिटली. बँकेच्या दारात उतरताना गर्दीत माणसं असत, मुलं असत. काडतुसं काढून खिशात, बंदूक उघडी. माझ्या जोडीला असलेले एक जुने हवालदार म्हणायचे, "तिची तोंडं दाखवत चाल, तुझं दाखवायची गरज नाही." मला ते वाक्य तेव्हा कळलं नव्हतं.

आणि बाहेरचे घोडे का? कारण ते पडलेले आहेत की ओढलेले, हे हातभर लांबूनही कळतं, रात्री बोटानं चाचपूनही कळतं. बिनघोड्याची दुनळी दिसायला देखणी, पण ती मिटली की आपोआप चढलेली असते आणि तिचा सगळा भरवसा एका खिट्टीवर, म्हणजे सेफ्टीवर. ज्यानं फौजेत कधी शस्त्र धरलं नाही, त्याला मी घोड्याचीच सुचवतो. घोडा सावकाश खाली घेताना अंगठा घसरू शकतो हा तिचा दोष आहे. म्हणून त्याचा सराव रिकाम्या नळीवर, नकली काडतूस घालून करावा लागतो, आणि बार काढायचा नसेल तर आधी बंदूक मोडून काडतुसं काढायची, मग घोडे उतरवायचे.

एकनळीत हे बरेच गुण आहेत. हलकी असते, स्वस्त पडते, बाईमाणसाला किंवा उतरत्या वयाच्या माणसाला पेलते. राखण फक्त हुसकावण्यापुरती असेल, शेत घराला लागून असेल, तर एकनळी घ्यायला काहीच हरकत नाही. मी दुनळीकडे झुकतो ते दोन कारणांनी. एक बार अडला तर दुसरा हाताशी असतो, हे एक. दुसरं म्हणजे दोन नळ्यांत दोन वेगळी काडतुसं ठेवता येतात. बहुतेक दुनळ्यांना दोन चाप असतात: पुढचा उजव्या नळीचा, मागचा डाव्या. डावी नळी तोंडाशी जरा आवळलेली असते, तिचे छर्रे कमी पसरतात. मी उजवीत बारीक छर्ऱ्याचं काडतूस घालतो, आणि पहिला बार कायम त्याचाच.

काडतुसांबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण बंदूक निवडून लोक काडतूस मात्र दुकानदार देईल ते घेतात. आपल्याकडे सर्रास मिळतं ते खडकीच्या कारखान्याचं शक्तिमान. एलजीमध्ये सहा मोठे छर्रे, एसजीमध्ये नऊ, मग खाली उतरत चार नंबर, सहा नंबर असे बारीक. सहा नंबरचा छर्रा दोनशे-सव्वादोनशे मीटरवर दमून पडतो, एलजीचा पाचशे मीटरच्याही पुढे जातो. हुसकावण्यासाठी वर बार काढताना एलजी घालणारा माणूस आपण काय करतोय याचा विचार करत नाही. आवाज दोघांचा तेवढाच. पलीकडच्या खाचरात कुणाचा तरी माळा असतो. म्हणून वर बार काढायचा तर बारीक छर्रा, आणि तोही डोंगराच्या मोकळ्या अंगाकडे. नेमाचा खरा पल्ला म्हणाल तर पस्तीस-चाळीस मीटर, त्यापुढे छर्रे पसरून जातात.

पावसाळ्यात काडतुसाचं पितळी बूड हिरवं पडतं, कागदी जुनी काडतुसं फुगून नळीत अडकतात. फुगलेलं काडतूस ठोकून बसवायचं नाही. मी वर्षाची काडतुसं स्टीलच्या डब्यात, बंदुकीपासून वेगळ्या खोलीत ठेवतो. दर पावसाळी रात्रीनंतर पुल-थ्रू (नळी पुसायची दोरी), कोरडी चिंदी, मग तेलाची चिंदी. फौजेतली ती सवय शेतातही तेवढीच कामाची.

जुनी घ्यायची असेल तर

आपल्या भागात नवीन बंदुकीपेक्षा हातबदल जास्त होतो. जम्मू आणि मुंगेरच्या खासगी कारागिरांच्या दुनळ्या आहेत, आणि जुन्या इनामदार-देसायांच्या वाड्यांत वेबली अँड स्कॉट किंवा ग्रीनरसारख्या इंग्लिश बंदुका अजून आहेत. नंदगडकडच्या एका गुरुजींकडे आजोबांची इंग्लिश दुनळी आहे, तीच त्यांची जगात सगळ्यात आवडती. कारण विचारलं तर म्हणाले, "मोडताना आवाजच येत नाही, कपाटाचं चांगलं दार लागावं तशी मिटते." खंडेनवमीला पाटावर उघडी ठेवून तिला झेंडूचं फूल वाहतात, एरवी वर्षभर गोधडीत. पण गुरुजी ती उडवत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. नळीवर नागमोडी नक्षी दिसली तर ती पट्ट्या वळून केलेली दमास्कस नळी असण्याचा संभव असतो. ती काळ्या दारूच्या जमान्यातली, आजच्या काडतुसाचा दाब तिला झेपेल याची खात्री नाही. शिवाय काही जुन्या बंदुकांचं घर अडीच इंची काडतुसाचं असतं. त्यात पावणेतीन इंची काडतूस बसतं, पण उडताना त्याच्या तोंडाला उलगडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. बसतं म्हणून उडवायचं नाही.

हातबदलाची घेताना मी एवढं बघतो. नळ्या उजेडाकडे धरून आतून: खड्डे, पोचे, गंजाचे चट्टे. मिटलेली बंदूक दिव्यासमोर धरून नळी आणि मागची पाटी यांच्यामध्ये फट: उजेडाची रेघ दिसली तर परत द्यायची. पुढचं लाकूड काढून हलवायची, खुळखुळली तर बिजागरी झिजली. नळ्या वेगळ्या करून दोरीनं टांगायच्या आणि नखानं टिचकी मारायची. घंटेसारखा लांब आवाज आला तर दोन नळ्यांमधला जोड शाबूत, भद्द आवाज आला तर कुठंतरी झाळ सुटलीय. परीक्षा झाल्याचे शिक्के आणि नळीवरचा नंबर परवान्यावरच्या नंबराशी अक्षर न अक्षर जुळला पाहिजे.

घरातच वडिलांची बंदूक असेल तर वाट आणखी सोपी. परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा शस्त्र २५ वर्षं त्याच्याकडे असलं, यातलं जे आधी होईल तेव्हा, ते वारसाच्या नावे करण्यासाठी अर्ज करता येतो. वडील गेल्यावर धावाधाव करण्यापेक्षा ते असताना केलेलं बरं.

रायफल: सुभेदारसाहेबांची आवडती

बेळगुंदीकडे माझे एक जुने सुभेदारसाहेब राहतात. त्यांच्याकडे ईशापूरच्या कारखान्याची .३१५ रायफल आहे आणि तिच्याविरुद्ध एक शब्द ते ऐकून घेत नाहीत. इंग्रजांच्या राज्यात लष्कराची .३०३ गोळी बाहेरच्या बंदुकीत चालू नये म्हणून हा वेगळा बोअर इकडे रुजला. पाच गोळ्यांचं मॅगझिन, नळीचं मागचं तोंड बंद करणारा, हातानं ओढायचा बोल्ट, लाकूड भरघोस. साहेबांची कारणं त्यांच्याच शब्दांत: "एक गोळी एक दुश्मन. छर्रा म्हणजे मूठभर धान्य फेकणं. रायफलनं मी जिथं शिस्त घेतो तिथंच गोळी जाते, बाजूच्या गुरावर नाही. आणि बोल्ट काढून खिशात घातला की माझी रायफल कुणाच्या बापाला उडवता येत नाही." फौजेत नेम धरण्याला शिस्त घेणं म्हणतात. साहेबांची शिस्त आजही अशी की मी वाद घालत नाही. बोल्ट काढून ठेवण्याचा मुद्दा तर मला पूर्ण पटतो; माझ्या मापावर रायफल दुनळीच्या अगदी जवळ येते ती यामुळे.

माझा आक्षेप जमिनीचा आहे. रायफलची गोळी चुकली तर दोन किलोमीटरच्याही पुढे जाते. फायरिंग रेंजवर मागे मातीचा ढीग असतो. बेळगुंदी, उचगाव, तुरमुरीकडच्या सपाट रताळ्याच्या शेतात मागे काय असतं? पुढचं शेत, मग वाडी, मग रस्ता. रात्री तर तेही दिसत नाही. जांबोटीला उतार आहे, वरून खाली गोळी मातीत जाईल, पण भाच्याच्या उसाच्या खालच्या अंगाला खाचरं आणि त्यापलीकडे घरं आहेत. मी त्याला हे त्याच्याच बांधावर उभं करून दाखवलं, बोटानं. तिथं रायफलचा विषय संपला. शिवाय पिकासाठी कायद्यानं जी सोय केली ती गुळगुळीत नळीची आहे, रायफल मागताना कारण वेगळं आणि भक्कम लागतं.

.२२ ची गोष्ट निराळी. ती छोटी, धक्का जवळजवळ नाही, नेमबाजी शिकायला तिच्यासारखी दुसरी नाही. आपल्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यानं याच बोअरवर नाव काढलं: तेजस्विनी सावंत २०१० मध्ये ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झाली, आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांनी ब्राँझ घेऊन आला. घरात पोराला खेळाची ओढ असेल तर त्या वाटेनं जरूर जा, क्लबमध्ये नाव घाला. राखणीला ती नको. आवाज लहान, आणि गोळी लहान दिसली तरी दीड-दोन किलोमीटर जाऊ शकते.

रिव्हॉल्व्हर आणि छर्ऱ्याची हवाई बंदूक

.३२ रिव्हॉल्व्हरची हौस व्यापाऱ्यांत आहे. कानपूरच्या कारखान्यानं २०१४ मध्ये निर्भीक काढलं, जेमतेम अर्धा किलो वजनाचं, सहा गोळ्यांचं, तेव्हा किंमत १ लाख २२ हजारांच्या घरात. खानापूर बाजारातल्या माझ्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याला त्याचं रिव्हॉल्व्हर आवडतं कारण ते दिसत नाही. मला ते नेमकं त्याच कारणानं आवडत नाही. कमरेला आहे की नाही, भरलेलं की रिकामं, दुसऱ्याला काही कळत नाही. बाजूला उघडून बघितल्याशिवाय स्वतःलाही खात्री नसते. रात्रीच्या वसुलीला एकट्यानं फिरणाऱ्याची गरज मी नाकारत नाही. शेतावर मात्र त्याचा काडीचा उपयोग नाही. ते पाहून डुक्कर घाबरत नाही, माणूस मात्र चिडतो.

४.५ मिमीची, २० ज्यूलच्या आतली हवाई बंदूक विनापरवाना मिळते म्हणून माकडांसाठी लोक ती आणतात. त्यानं माकड मरत नाही, डोळा फुटून जगतं आणि जास्त बिथरतं. माकडांना गोफण बरी, कुत्रं त्याहून बरं.

सीमेवरच्या माणसानं विसरू नये असं

आपल्या भागात घर एका राज्यात आणि रान दुसऱ्या राज्यात अशी कुटुंबं आहेत. परवान्यावर त्याची हद्द लिहिलेली असते. कर्नाटकापुरता परवाना असेल तर बंदूक घेऊन चंदगडच्या हद्दीतल्या आपल्याच शेतात पाऊल टाकणंसुद्धा गुन्हा होतो, मग बांध एकच का असेना. अर्ज करतानाच दोन्हीकडच्या जमिनीचे उतारे जोडून हद्द वाढवून मागा. नुसतं तोंडी सांगून पुढे काही चालत नाही.

दुसरं, बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नाही. रानडुक्करसुद्धा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे. वनखात्याची लेखी परवानगी नसताना ते मारलं तर बंदूकही जाते आणि माणूसही. गवा तर पहिल्या अनुसूचीत, त्याला तीन ते सात वर्षांची कैद. भीमगड अभयारण्य आपल्या उशाशी आहे, गवे येणारच. गव्यासमोर बंदूक काढूच नका. जखमी गवा अंगावर येतो आणि बारा बोअरचा छर्रा त्याला थांबवत नाही. लांबूनच हवेत बार, डबे, बॅटरी, आणि सकाळी पंचनामा करून भरपाईचा अर्ज. शक्य असेल तर सौर कुंपण. बंदुकीच्या पैशात त्याची बरीच सोय होते, हे मी भाच्याला बंदुकीच्या आधी सांगितलं होतं.

वरातीत, निवडणुकीच्या विजयात, जत्रेत बार काढायचा नाही. २०१९ पासून त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. निवडणूक जाहीर झाली की बंदूक ठाण्यात जमा होते. २०२३ च्या मे मध्ये विधानसभा, २०२४ च्या मे मध्ये लोकसभा, दोन्ही वेळा माझी गेली. जमा करताना तेल लावून, नंबर लिहिलेली पोच घेऊन. ते दिवस राखण कशी करायची याचा विचार बंदूक घेण्याआधी करून ठेवा.

भाच्याचा परवाना शेवटी डीबीबीएलचा झाला. त्यानं मुंगेरची जुनी दुनळी घेतली, घोड्याची, नळ्यांना टिचकी मारून मीच बघितली. त्याचे वडील अजून म्हणतात ठासणीचा आवाज मोठा होता. गेल्या महिन्यात मी जांबोटीला गेलो तेव्हा माझी बहीण पडवी झाडत होती. बंदूक मोडलेली, खुंटीला टांगलेली, दोन्ही नळ्यांतून मागची पांढरी भिंत दिसत होती. तिनं दस्ता एका हातानं बाजूला केला, खालचा केर काढला आणि पुढं सरकली.